नदीपलीकडचे तीन दिवस

गेले दोन अंक या सदराची जागा रिकामी राहिली. संपादकांनी ते समजून घेतले. वाचक भगिनींनी मात्र घेतले नाही. परवा एका बारशात तिघींनी मला गाठून, "प्रकृती बरी आहे ना?" असे काळजीच्या सुरात विचारले. प्रकृती उत्तम आहे. आम्ही उभयता लेकीकडे ऑस्ट्रेलियात गेलो होतो. आमच्या यजमानांना ज्या ओळखतात, त्यांचा या वाक्यावर चटकन विश्वास बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज सारा वृत्तांत सविस्तर लिहिते.

सांगलीत आमची हळदीची पेढी. सासऱ्यांच्या काळात माल हरिपूरच्या पेवांत असे. जमिनीत खोल खणलेली ती पेवे. तोंड लिंपून बंद केले की हळद वर्षानुवर्षे सुखरूप राहते, तिला कीड लागत नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्या पेवांत शिरले. पूर ओसरल्यावर पेव उघडले, तेव्हा आलेला वास मला अजून आठवतो. त्या दिवशी हे पेवाच्या काठावर एक शब्दही न बोलता उभे होते. पुढे पेढी सावरली, माल शीतगृहात जाऊ लागला, मुलगा शिकून हाताशी आला. परंतु तेव्हापासून यांनी चार दिवसांहून अधिक काळ सांगली सोडली नाही. मुलगा गेली सहा वर्षे सौद्याला जातो. शेवटचा शब्द मात्र यांचाच असतो, आणि तिजोरीची किल्ली यांच्याच खिशात.

लेक ब्रिस्बेनला असते. जूनच्या अखेरीस तिकडे शाळांना हिवाळ्याची सुट्टी लागते. त्या सुट्टीत नातवाला घेऊन उत्तर क्वीन्सलँडचे समुद्रकिनारे आणि वर्षावन पाहू, चातुर्मासापूर्वी तुम्ही परत, असा तिचा बेत होता. हे म्हणाले, "बघू." आमच्या व्यापारात 'बघू' याचा अर्थ 'नाही' असा होतो. अखेर तिकिटे मुलानेच काढली आणि रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत, एवढेच यांना सांगितले. ही मात्रा लागू पडली.

ब्रिस्बेनहून केर्न्स सुमारे १७०० किलोमीटर. तेवढे अंतर विमानाने कापले आणि केर्न्सला एक कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली. कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. आत गॅसची शेगडी, हात धुण्याचे बेसिन, छोटा फ्रीज आणि बाकांच्याच होणाऱ्या शय्या. जावई व नातू यांच्यासाठी वेगळा तंबू होता. केर्न्सपासून केप ट्रिब्युलेशन नावाच्या भूशिरापर्यंत डांबरी रस्ता जातो. हे अंतर जेमतेम १४० किलोमीटर, म्हणजे सांगलीहून पुण्याला जाण्यापेक्षाही कमी. तेवढ्यासाठी लेकीने जाऊन-येऊन सहा दिवस राखून ठेवले होते. तिचा एकच दंडक होता: दिवसाकाठी दोन तासांहून अधिक गाडी चालवायची नाही. "मग उरलेल्या वेळात करायचे काय?" असे यांनी तिला अगदी प्रामाणिकपणे विचारले. लेक हसली आणि उत्तर न देता भाजी चिरू लागली.

केर्न्सहून उत्तरेकडे जाणारा कॅप्टन कुक महामार्ग समुद्राला इतका चिकटून जातो की काही वळणांवर खिडकीतून हात बाहेर काढला तर लाटांचे तुषार लागतील असे वाटते. उजवीकडे पाणी, डावीकडे थेट रस्त्यापर्यंत उतरलेला हिरवागार डोंगर. पहिला मुक्काम एलिस बीच या किनाऱ्यावर झाला. तिथे गाडी उभी केली की दाराबाहेर पाऊल टाकताच वाळू. ऋतू हिवाळ्याचा, पण हवा आपल्याकडील माघातल्या सकाळीसारखी सुखद.

किनाऱ्यावर जागोजागी खांबांना व्हिनेगरच्या बाटल्या अडकवलेल्या पाहून मला नवल वाटले. नोव्हेंबरपासून मेपर्यंत या समुद्रात विषारी जेलीफिश येतात. त्यांचा दंश झाल्यास प्रथमोपचार म्हणून ते व्हिनेगर ओततात. आम्ही गेलो तो काळ त्या मानाने निर्धोक. पण सुसरींचे तसे नाही, त्या बारा महिने असतात. नदीमुखांशी आणि खाड्यांशी पिवळ्या पाट्या लावलेल्या दिसतात. त्यांवर इंग्रजीबरोबर जर्मन भाषेतही इशारा असतो. नातवाने त्या पाट्या मोजायचा छंद घेतला.

तिकडे त्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची आपली रीत अशा प्रवासात किती सोयीची ठरते, याचा अनुभव पहिल्याच दिवशी आला. शेजारच्या तळांवर अंधार पडल्यावर दिवे लागले, दिव्यांभोवती किड्यांचे थवे जमले, आणि त्यांची जेवणे त्या थव्यांशी झगडत चालली. आमची भांडी तोवर धुऊन झाली होती. भाकरीचे पीठ, मूग, तूर, मेतकूट लेकीने ब्रिस्बेनहूनच आणले होते. भाज्या केर्न्सच्या बाजारात घेतल्या. कांदा-बटाट्यावाचून पाच माणसांचे सहा दिवसांचे जेवण एका शेगडीवर कसे होते, असे विचारणाऱ्या भगिनींना एवढेच सांगते की कच्ची केळी, भोपळा, फरसबी आणि नारळ तिकडे मुबलक मिळतात.

त्या रात्री अंथरूण घालताना यांच्या सदऱ्याच्या खिशातून काहीतरी खणकन पडले. पाहते तो तिजोरीची किल्ली. "अहो, ही इथे कशाला?" "सवयीने आली," हे म्हणाले आणि ती उचलून पुन्हा खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पोर्ट डग्लसची दुकाने बाहेरूनच पाहून आम्ही मॉसमनला आलो. इथे मात्र यांची कळी खुलली, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. उसाच्या छोट्या आगगाडीचे अरुंद रूळ शेताशेतांतून जातात आणि मधूनच रस्ता ओलांडतात. मॉसमनचा साखर कारखाना १८९७ मध्ये सुरू झाला. सव्वाशे वर्षे चालून तो अलीकडे बंद पडला, असे जावयांनी सांगितले. "मग ऊस कुठे घालतात?" यांचा पहिला प्रश्न. "थकबाकी मिळाली का लोकांना?" हा दुसरा. समुद्र पाहून दोन दिवसांत यांनी एवढे प्रश्न विचारले नव्हते.

गावाजवळच मॉसमनची घळ आहे. मोठमोठ्या शिळांमधून काचेसारखे स्वच्छ पाणी वाहते. ही भूमी कुकु यलांजी या आदिवासींची. त्यांच्यापैकीच एका वयस्क वाटाड्याने आम्हांला रानातून फिरवले. आधी ओल्या पानांची धुनी करून तिच्याभोवतीने आम्हांला चालवले. रानात शिरण्यापूर्वी रानाची परवानगी घेण्याची ती त्यांची रीत. पुढे एका झाडाची पाने त्याने पाण्यात भिजवून तळहातावर चोळली, तर रिठ्यासारखा फेस आला. यांनी स्वतः हात पुढे करून तो फेस चोळून पाहिला आणि, "विकायला ठेवत नाहीत का?" असे मला मराठीत विचारले.

२०२१ मध्ये क्वीन्सलँड सरकारने डेन्ट्री राष्ट्रीय उद्यान धरून एक लाख साठ हजार हेक्टरांहून अधिक भूमी या पूर्व कुकु यलांजी लोकांच्या नावे परत केली आणि आता उद्यानाचा कारभार दोघे मिळून पाहतात. यांनी जावयांकरवी विचारले, "कागद झाले का?" वाटाड्या मनापासून हसला. झाले, म्हणाला, कागद व्हायला वेळ लागला, पण आम्ही तर त्याआधीही इथेच होतो.

परत येऊन गाडीत बसतो न बसतो तोच मुलाचा फोन आला. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तासांनी पुढे. सांगलीत सकाळचे सौदे नुकतेच सुरू होत होते. गुजरातेतील एक खरेदीदार आमचा शीतगृहातील सगळा माल मागत होता. भाव बरा होता, फार मोठा नव्हता. उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हवे होते. मुलाचे मत देऊन टाकावे असे होते. यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "आता आम्ही नदीपलीकडे चाललो आहोत. तिकडे फोन लागत नाही म्हणे. रविवारी बोलू. तोवर काही करू नकोस."

"अप्पा, तो रविवारपर्यंत थांबणार नाही."

"नाही थांबला तर नाही."

तो दिवस गुरुवार होता.

डेन्ट्री नदीवर पूल नाही. मुद्दामच बांधलेला नाही, असे म्हटले तरी चालेल. कारण पूल झाला की पलीकडचे रान राहणार नाही, असे मानणारे पुष्कळ लोक तिकडे आहेत. दोन्ही तीरांना ताणलेल्या लोखंडी दोरांच्या आधाराने एक रुंद तर चालते. मोटारी तिच्यावर चढतात आणि पाचेक मिनिटांत पलीकडे उतरतात. पलीकडे सरकारी वीजवाहिनी नाही. लोक सौरऊर्जेवर आणि जनित्रांवर भागवतात. भ्रमणध्वनीचे जाळेही बहुतेक ठिकाणी नाही. तर मध्यावर पोहोचली तेव्हा मी यांच्याकडे पाहिले. साऱ्यांची नजर पाण्यात सुसर दिसते का याकडे, यांची हातातल्या फोनकडे. त्यावरची शेवटची रेघ पलीकडच्या काठाला लागण्यापूर्वीच गेली.

तिथून केप ट्रिब्युलेशन ३५ किलोमीटर. रस्ता डोंगरातून वळणे घेत जातो आणि वरून झाडांचे छत. उन्हाचे कवडसेही क्वचितच जमिनीवर पडतात. जगातील अतिप्राचीन वर्षावनांपैकी हे एक. भारत आणि ऑस्ट्रेलिया हे दोन्ही भूभाग कोट्यवधी वर्षांपूर्वी एकाच गोंडवन महाखंडाचे अवयव होते, हे शाळेत वाचलेले मला त्या रस्त्यावर आठवले, कारण आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात जो ओला, मातकट, पानांचा वास येतो तोच तिथे होता. उंबराला आणि फणसाला जशी खोडावरच फळे धरतात, तशी फुले-फळे तिथल्याही अनेक झाडांच्या खोडांवर लगडलेली असतात. पंखाताडाची पाने छत्रीएवढी गोल. वेताच्या काटेरी वेली कपड्यांना अशा अडकतात की माणसाला थांबावेच लागते. म्हणून तिकडे त्या वेलीचे नावच 'जरा थांब' असे पडले आहे. एका झाडाच्या पानांना तर हातही लावायचा नाही. आपली खाजकुइली दोन दिवस छळते, त्या झाडाची आग महिनोन्‌महिने राहते म्हणतात.

हे वन १९८८ पासून जागतिक वारसा आहे. समोरच्या समुद्रातील प्रवाळभित्ती १९८१ पासून. दोन्ही वारसे जिथे एकमेकांना भेटतात तिथेच, किनाऱ्यालगतच्या एका खासगी तळावर, आम्ही तीन रात्री राहिलो. सुट्टीच्या दिवसांत हे तळ आधीच भरून जातात. लेकीने चार महिने अगोदर जागा राखून ठेवली होती. ज्यांना जायचे असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पिण्याचे पाणीही अलीकडूनच भरून नेलेले बरे.

पहिले दोन दिवस यांनी कसे काढले ते मी पाहत होते. पहाटे चारला उठून बसायचे. उजाडले की फोन हातात उंच धरून किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे. शेजारच्या तंबूतील जर्मन तरुणाला वाटले, हे छायाचित्रे काढत आहेत. तोही मग फोन उंच करून यांच्यामागे जाऊ लागला. शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, म्हणजे सांगलीत अकरा वाजता, हे घड्याळाकडे पाहत बसले होते. संध्याकाळ झाली, रात्र झाली. घड्याळ पाहणे मग थांबले. रात्री नारिंगी पायांची रानकोंबडी तंबूंभोवती असा काही आरडाओरडा करते की कुणाचे भांडणच जुंपले आहे असे वाटावे. तिच्या ओरडण्याने जागे होऊन पाहिले, तर हे अंथरुणावर बसलेलेच.

शनिवारी सकाळी आम्ही लाकडी फळ्यांच्या वाटेने रानातून फिरलो. ही वाट वर्षावनातून सुरू होऊन चिखलातील खारफुटीत संपते. जावयांना या गोष्टींची आवड. त्यांनी एका वृक्षाची हकिकत सांगितली. १९०२ मध्ये एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला केर्न्सजवळ तो आढळला होता. नंतर तो कुणाला सापडेना, नष्ट झाला असेच सगळे समजून चालले. १९७१ मध्ये डेन्ट्री भागात काही गुरे अचानक मेली. त्यांच्या पोटात मोठाल्या विषारी बिया निघाल्या, आणि त्या बियांवरून तो वृक्ष पुन्हा सापडला. फुलझाडांच्या अतिप्राचीन कुळांपैकी ते एक. "म्हणजे एवढी वर्षे होता तिथेच होता," हे म्हणाले, "आपल्याला पत्ता नव्हता इतकेच."

परतीच्या वाटेवर जावयांनी एकदम गाडी थांबवली. पुढे रस्त्याच्या मध्यावर कॅसोवरी उभा होता. पुरुषभर उंचीचा, काळा, उडता न येणारा पक्षी. मान निळी, गळ्याशी लाल लोंबणारी कातडी, डोक्यावर हाडासारखे शिरस्त्राण. त्याच्या मागे तपकिरी रंगाची दोन वाढलेली पिल्ले. इंजीन बंद करून आम्ही श्वास रोखून बसलो. त्याने आमच्याकडे पाहिले, पिल्ले पलीकडे जाईपर्यंत तो जागचा हलला नाही, आणि मग सावकाश झाडीत शिरला.

"हीच का ती आई?" नातवाने विचारले.

आई नव्हे, बाप. जावई सांगू लागले की या पक्ष्यात मादी अंडी घालून निघून जाते. सुमारे पन्नास दिवस नर ती उबवतो आणि पुढे नऊ-एक महिने पिल्लांना एकटाच सांभाळतो. रानातील मोठी फळे हा पक्षी अख्खी गिळतो आणि त्यांच्या बिया मैलोगणती दूर नेऊन टाकतो. कित्येक वृक्षांचा वंश त्याच्यावर अवलंबून आहे. "म्हणजे रानातला अडत्याच," हे म्हणाले, "इकडचा माल तिकडे, आणि गर तेवढा दलालीचा." सगळे हसले. मग यांनी विचारले, "आणि नऊ महिन्यांनंतर?"

"नंतर बाप त्यांना हाकलून देतो," जावई म्हणाले. "आपले आपण शोधा म्हणतो."

यावर हे काही बोलले नाहीत. या पक्ष्यांना वाहनांची धडक बसण्याचे प्रकार तिकडे वारंवार होतात. म्हणून जागोजागी वेग कमी करण्याच्या पाट्या असतात. अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढायची नाही, हा लेकीचा दुसरा दंडक यांना मनापासून पटला होता.

त्या दिवशी जेवण साडेपाचलाच झाले. नंतर आम्ही दोघे किनाऱ्यावर जाऊन बसलो. किनारा पूर्वाभिमुख, त्यामुळे सूर्यास्त पाठीमागच्या डोंगराआड होतो आणि समुद्रावर हळूहळू निळी सावली येते. नातू त्याच्या पुस्तकातील गोष्ट सांगायला मागोमाग आला. या भूशिराचे नाव 'संकटांचे भूशिर' असे का? १७७० च्या जूनमध्ये कप्तान जेम्स कुकचे एन्डेव्हर जहाज इथून जवळच रात्रीच्या वेळी प्रवाळावर चढून अडकले. आपल्या साऱ्या अडचणी इथून सुरू झाल्या, म्हणून त्याने हे नाव ठेवले. सुमारे एक दिवस जहाज हलेना. शेवटी ते हलके करण्यासाठी पन्नासेक टन वजनाचे सामान समुद्रात फेकले, तेव्हा भरतीला ते सुटले. पुढे जिथे त्याची डागडुजी झाली, तिथे आज कुकटाउन आहे.

"काय काय फेकले?" यांनी विचारले.

"तोफा. सहा तोफा! त्या १९६९ मध्ये समुद्रातून वर काढल्या. शिवाय दगड, लोखंड, पिंपे, खराब झालेला माल."

"चांगला मालही फेकला असेल," हे म्हणाले. "अशा वेळी निवडत बसायला फुरसत नसते."

नातू तंबूकडे पळाला. बऱ्याच वेळाने हे बोलू लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मी जे कधी ऐकले नव्हते ते त्या संध्याकाळी ऐकले.

"२००५ मध्ये पाणी वाढत होते, तेव्हा पेवे रिकामी करू का असे मी अण्णांना विचारले होते. ते म्हणाले, पेढी आता तू पाहतोस, तुला योग्य वाटेल ते कर. हमाल मिळत होते, ट्रकही होता. मी म्हटले, दोन दिवस वाट पाहू."

मला काय बोलावे ते सुचेना. आजवर मी समजत होते की तो निर्णय मामंजींचा होता. घरात सगळेच तसे समजत होते. मामंजींनी अखेरपर्यंत कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

"अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत," हे म्हणाले. "बोलले असते तर बरे झाले असते. म्हणून मी याच्यावर काही सोपवत नाही. चुकलाच तर माझे चुकलेले असावे, त्याचे नसावे."

"अहो, पण तो एकतीस वर्षांचा आहे."

"मी तेव्हा त्याच्याएवढाही नव्हतो धरला तरी—" असे म्हणून त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि थांबले. "नाही. मी मोठा होतो. चाळीस उलटली होती."

अंधार झाला होता. आम्ही उठलो. चालता चालता हे एकदाच म्हणाले, "विकू नकोस असे नव्हे, काहीच करू नकोस म्हणालो मी त्याला. अण्णा मला असे कधी म्हणाले नाहीत." त्या रात्री रानकोंबडी नेहमीप्रमाणेच ओरडली. हे घोरत होते.

रविवारी सकाळी फोन उंच धरून फिरायला हे गेले नाहीत. नातवाबरोबर ओहोटीच्या वाळूत खेकड्यांनी केलेल्या गोळ्यांच्या रांगोळ्या पाहत बसले. अगदी बारीक, मोहरीपासून वाटाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या. खेकडा वाळूतले आपले अन्न काढून घेतो आणि उरलेली वाळू अशी गोल करून मागे ठेवतो. पाय पडू नये म्हणून आम्ही त्या चुकवत चुकवत गाडीपर्यंत आलो. आवराआवर करताना यांनी तंबूचे खुंटे स्वतः मोजून घेतले. एक कमी भरला, तो शोधायला अर्धा तास गेला, आणि तो नातवाच्या खिशात सापडला.

तरीपाशी रांग होती. नदी ओलांडून मॉसमनच्या बाजूला थोडे पुढे आलो, तशी यांच्या खिशात फोनची थरथर सुरू झाली, ती थांबेचना. यांनी फोन काढला आणि चष्मा नसल्याने माझ्याकडे दिला. "वाच."

बाकीचे निरोप बाजूला ठेवून मी मुलाचा वाचला. तो शुक्रवारी संध्याकाळी लिहिलेला होता. "अप्पा, तुमचे ऐकले नाही. निम्मा माल दिला, निम्मा ठेवला. पैसे खात्यात आल्याशिवाय ट्रक सोडला नाही. रागवायचे असेल तर आल्यावर रागवा." त्याखाली शनिवारचा आणखी एक निरोप होता: "आज भाव थोडा चढला आहे. कळवून ठेवतो."

गाडीत कुणीच बोलेना. लेक आरशातून वडिलांकडे पाहत होती. यांनी माझ्या हातून फोन घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक अक्षर शोधत लिहू लागले. मॉसमनचा बंद कारखाना मागे गेला, उसाची शेते सुरू झाली, तरी यांचे लिहिणे चालूच. शेवटी फोन पुन्हा माझ्याकडे आला. "शुद्धलेखन तपास आणि पाठव."

त्यात एवढेच होते: "बरे केलेस. बारदानाचा हिशेब वेगळा लिही."

मी तो पाठवला. मग यांनी खिशातून ती किल्ली काढली आणि माझ्या पिशवीत, मेतकुटाच्या डब्याशेजारी टाकली. "माझ्याकडून हरवेल," म्हणाले. दुपारचे दोन वाजले होते. पुढचा मुक्काम आथर्टनच्या पठारावर होता आणि तिथे पोहोचून, स्वयंपाक करून, सूर्यास्तापूर्वी पाच जणांचे जेवण उरकायचे होते.